लिनक्स ड्रायव्हरच्या सेटिंग्ज नीट कशा नोंदवाव्यात: केकॉन्फिगपासून डिव्हाइस ट्रीपर्यंत

ड्रायव्हर चालतो, कोड नीटनेटका आहे, हार्डवेअरवर चाचण्याही झाल्यात. तरी पॅच (कर्नलच्या कोडमध्ये सुचवलेला बदल) परत येतो. कारणं पाहिली तर बहुतेकदा तीच ती असतात. केकॉन्फिगच्या (कर्नल बांधताना काय घ्यायचं ते ठरवणाऱ्या पर्यायांच्या) हेल्पमध्ये मेन्यूतलंच वाक्य पुन्हा लिहिलेलं असतं. पॅरामीटर सेकंदात की मिलिसेकंदात, याचा पत्ता नसतो. सिसएफएसमध्ये (चालू कर्नलमधल्या सेटिंग्ज फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या जागेत) नवी फाइल आणलेली असते, पण तिची नोंद कुठेच नसते. किंवा डिव्हाइस ट्रीत (बोर्डावरच्या हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या फाइलींत) अशी सेटिंग घातलेली असते जिचा हार्डवेअरशी संबंधच नाही.

पुण्यात एम्बेडेड क्षेत्रात काम करणारी, पहिला-दुसरा पॅच पाठवणारी मंडळी इथेच अडकतात. इंग्रजी कच्चं असणं हे त्याचं कारण नसतं. कोड संपल्यावर घाईघाईने, उलट्या क्रमाने लिहिलं जातं, हे खरं कारण. म्हणून या लेखात क्रमावर जास्त भर आहे. ड्रायव्हर लिहून झालाय आणि तो चालतो, इथून सुरुवात करू.

लेखात आज्ञा, फाइली आणि चिन्हांची नावं देवनागरीत दिली आहेत. टंकताना ती रोमन लिपीतच टंकायची.

## टप्पा 1: सेटिंग्जची यादी कोडमधून काढा, आठवणीतून नको

लिहायला बसण्याआधी ड्रायव्हरच्या फोल्डरमध्ये 'गिट ग्रेप' चालवा आणि चार गोष्टी शोधा:

1. केकॉन्फिग फाइलमधली तुमची चिन्हं, म्हणजे 'कॉन्फिग' या शब्दाने सुरू होणाऱ्या नोंदी.
2. 'मॉड्यूल_पॅराम' आणि त्याचे भाऊबंद ('मॉड्यूल_पॅराम_नेम्ड', 'मॉड्यूल_पॅराम_सीबी').
3. सिसएफएसच्या फाइली तयार करणारी 'डिव्हाइस_अ‍ॅट्र' कुळातली मॅक्रो.
4. डिव्हाइस ट्रीतून किंमत वाचणारी फंक्शन्स, म्हणजे 'डिव्हाइस_प्रॉपर्टी_रीड' आणि 'ओएफ_प्रॉपर्टी_रीड' या नावांनी सुरू होणारी.

जे सापडेल ते एका साध्या तक्त्यात उतरवा. डीबगिंगसाठी घातलेला आणि काढायचा राहून गेलेला एखादा पॅरामीटर इथे हमखास हाती लागतो. तो आत्ताच काढून टाका. एकदा मुख्य कर्नलमध्ये गेलेली सेटिंग परत काढणं फार जिकिरीचं असतं, कारण तोवर कुणीतरी त्यावर आपली स्क्रिप्ट बेतलेली असते.

तपासा: तक्त्यातल्या प्रत्येक ओळीसमोर फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक आहे ना? नसेल तर ती ओळ आठवणीतून आली आहे.

## टप्पा 2: प्रत्येक सेटिंग योग्य जागी आहे का ते ठरवा

हा टप्पा गाळला की पुढचं सगळं लिखाण वाया जातं. मेंटेनर (त्या भागाचे पॅच तपासून स्वीकारणारा) 'ही सेटिंग इथे नको' म्हणाला की तिची नोंदही कचऱ्यात जाते. निवड करताना मी हे प्रश्न विचारतो.

कर्नल बांधतानाच ठरवायची गोष्ट आहे का, म्हणजे हा ड्रायव्हर हवा की नको, त्यातला हा भाग हवा की नको? मग केकॉन्फिग.

बोर्डावर चिप कशी जोडली आहे, कुठला रोध लावलाय, इंटरप्टची तार कुठे गेली आहे? मग डिव्हाइस ट्री. इथला नियम कडक आहे: बाइंडिंग (डिव्हाइस ट्रीतल्या नोंदी कशा असाव्यात हे सांगणारी फाइल) हार्डवेअरचं वर्णन करते, लिनक्सच्या ड्रायव्हरचं नाही. 'दर किती मिलिसेकंदांनी वाचायचं' हे धोरण झालं. ते सर्किटच्या आकृतीत दिसत नाही, तसं डिव्हाइस ट्रीतही दिसता कामा नये.

यंत्र चालू असताना एकेका उपकरणासाठी बदलायची गोष्ट आहे का? मग सिसएफएस. आणि तिथेही आधी उपप्रणालीत तयार फाइल आहे का ते पाहा. हार्डवेअर मॉनिटरिंगच्या ड्रायव्हरसाठी 'अपडेट_इंटरव्हल' नावाची मिलिसेकंदातली फाइल आधीपासून ठरलेली आहे. तिथे स्वतःचं 'पोल_टाइम' काढलं तर पॅच परत येणारच.

राहिला मॉड्यूल पॅरामीटर. नव्या ड्रायव्हरमध्ये तो शक्यतो टाळा. एका मॉड्यूलला एकच किंमत मिळते, आणि तीच त्या ड्रायव्हरच्या सगळ्या उपकरणांना लागू होते. एका यंत्रात दोन सेन्सर असले आणि दोघांना वेगळ्या किमती हव्या असल्या की हा मार्ग बंद. बरेच मेंटेनर याच कारणासाठी नवे पॅरामीटर सरळ नाकारतात.

सावधान: 'तूर्त पॅरामीटर ठेवू, पुढे सिसएफएसमध्ये नेऊ' असं करू नका. पुढे दोन्ही सांभाळावे लागतात.

## टप्पा 3: सात प्रश्नांची उत्तरं, आधी मराठीत

प्रत्येक सेटिंगसमोर ही सात उत्तरं लिहा. मराठीत लिहा, बोलतो तशी. उत्तर माहीत नसलं तर मराठीत ते लगेच उघडं पडतं. इंग्रजीत मात्र गुळगुळीत वाक्यामागे लपून राहतं.

1. एकक काय? सेकंद, मिलिसेकंद, मिलिव्होल्ट, टक्के?
2. काहीच दिलं नाही तर कोणती किंमत धरली जाते?
3. किमान आणि कमाल किती? बाहेरची किंमत दिली तर चूक परत येते की ड्रायव्हर जवळच्या किमतीवर आणून ठेवतो?
4. 0 चा आणि उणे किमतीचा खास अर्थ आहे का?
5. कुणाला लागू? सगळ्या उपकरणांना, एकाला, की फक्त यापुढे जोडल्या जाणाऱ्यांना?
6. बदल कधीपासून लागू? लगेच, उपकरण पुन्हा जोडल्यावर, की मॉड्यूल पुन्हा चढवल्यावर?
7. दुसरी कोणती सेटिंग याच्या आड येते?

यूएसबीच्या ऑटोसस्पेंडचं उदाहरण घ्या. न वापरलं जाणारं उपकरण किती वेळाने झोपवायचं, एवढीच ही सेटिंग, पण ती तीन ठिकाणी भेटते. केकॉन्फिगमधलं 'यूएसबी_ऑटोसस्पेंड_डिले' सेकंदात असतं आणि त्याची मूळ किंमत 2. बूट करताना देता येणारा 'यूएसबीकोअर.ऑटोसस्पेंड' हाही सेकंदातच. कर्नल पॅरामीटरच्या यादीत त्याची नोंद आदर्श म्हणावी अशी आहे: एकक सांगितलंय, मूळ किंमत सांगितली आहे, हा पॅरामीटर नव्याने सापडलेल्या उपकरणांनाच लागू होतो हे सांगितलंय, आणि उणे किंमत दिली तर उपकरण मुळीच झोपत नाही हेही. तीन वाक्यांत पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या प्रश्नाचा निकाल लागला.

आता त्याच पॅरामीटरचं कोडमधलं वर्णन बघा: 'डिफॉल्ट ऑटोसस्पेंड डिले', संपलं. एकक नाही, उणे किमतीचा उल्लेख नाही. मॉड्यूलची माहिती काढणाऱ्याला एवढीच ओळ दिसते.

तिसरी जागा म्हणजे प्रत्येक उपकरणाच्या 'पॉवर' फोल्डरमधली 'ऑटोसस्पेंड_डिले_एमएस' ही फाइल. इथे एकक बदलून मिलिसेकंद झालं. नावातच 'एमएस' आहे म्हणून वाचणारा वाचतो, नाहीतर 2 लिहून दोन सेकंदांची वाट पाहत बसला असता. आणि सातवा प्रश्न इथेच उभा राहतो: शेजारच्या 'कंट्रोल' फाइलमध्ये 'ऑन' असेल तर ही वेळ कितीही ठेवा, उपकरण झोपणार नाही, तिथे 'ऑटो' हवं. हब सोडले तर बहुतेक यूएसबी उपकरणांसाठी कर्नलची सुरुवातीची किंमत 'ऑन'च असते. एवढं एक वाक्य नोंदीत नसलं तर माणसाची अख्खी दुपार जाते.

तपासा: सहावं उत्तर कोड वाचून दिलंय की प्रत्यक्ष करून? करूनच द्या. पॅरामीटरची परवानगी 0644 असली की रूट वापरकर्ता किंमत बदलू शकतो, पण ड्रायव्हरला त्याची खबर आपोआप मिळत नाही. ड्रायव्हरने ती किंमत फक्त प्रोबमध्ये (उपकरण जोडलं जाताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) वाचली असेल, तर फाइलमध्ये नवी किंमत दिसेल आणि वागणं जुनंच राहील.

## टप्पा 4: केकॉन्फिगची नोंद

सेटिंगशी लोकांची पहिली भेट इथे होते. वाचणारा तुमचा ड्रायव्हर ओळखत नाही. तो 'मेक मेन्यूकॉन्फिग'मध्ये हिंडतोय, किंवा नव्या कर्नलवर 'मेक ओल्डकॉन्फिग' चालवल्यावर अचानक हा प्रश्न त्याच्या पुढ्यात आलाय. हो म्हणू की नाही, एवढंच त्याला ठरवायचंय.

क्रम असा ठेवा:

1. प्रकार आणि मथळा. मॉड्यूल म्हणून बांधता येत असेल तर 'ट्रायस्टेट', नाहीतर 'बूल'. मथळ्यात कंपनी, चिप आणि ती काय करते हे यावं. 'सपोर्ट फॉर' किंवा 'एनेबल' अशा शब्दांनी जागा भरू नका.
2. डिपेंड्स ऑन. ज्यावाचून ड्रायव्हर बांधला जात नाही किंवा चालत नाही ते सगळं. चिप एखाद्याच प्रोसेसर कुळात असेल तर त्या अटीसोबत 'किंवा कंपाइल_टेस्ट' जोडा, म्हणजे इतरांच्या यंत्रांवरही निदान बांधणी तपासली जाते.
3. सिलेक्ट. मेन्यूत न दिसणाऱ्या, स्वतःला अटी नसलेल्या लायब्ररीसारख्या चिन्हांपुरताच. 'रेगमॅप_आयटूसी' हे नेहमीचं योग्य उदाहरण. सिलेक्ट समोरच्या चिन्हाच्या अटी न पाहता ते चालू करतं; म्हणूनच 'अनमेट डायरेक्ट डिपेंडन्सीज' हा इशारा येतो.
4. डिफॉल्ट. नव्या ड्रायव्हरला लिहूच नका. न लिहिलं की 'नाही' धरलं जातं, आणि तेच हवंय. तुमची चिप जगातल्या बहुतेक यंत्रांत नाही.
5. हेल्प. सगळ्यात शेवटी.

हेल्पचा मजकूर टॅबनंतर दोन स्पेस सोडून सुरू होतो. हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. पहिल्या ओळीपेक्षा कमी आत सरकलेली ओळ आली की हेल्प तिथेच संपली असं वाचक-प्रोग्राम धरतो आणि तुमचं वाक्य केकॉन्फिगचा आदेश म्हणून वाचायला जातो. जुन्या फाइलींतून उचललेला, दोन्ही बाजूंना तीन-तीन डॅश असलेला 'हेल्प' आता चालत नाही. नुसतं 'हेल्प' लिहा.

मजकुराकडे वळू. परत येणारी हेल्प साधारण अशी असते:

'या चिपच्या ड्रायव्हरसाठी हो म्हणा.'

यात मथळ्याबाहेरचं काहीच नाही. आय-टू-सी वरच्या एखाद्या तापमान सेन्सरचा ड्रायव्हर आहे असं धरलं, तर हेल्पचा आशय असा हवा:

'अमुक आणि तमुक क्रमांकाच्या, आय-टू-सीने जोडलेल्या तापमान सेन्सरसाठी हा ड्रायव्हर आहे. हे सेन्सर मुख्यतः नेटवर्क स्विच आणि सर्व्हरच्या बोर्डांवर असतात. हो म्हटल्यास तापमान आणि इशाऱ्याच्या मर्यादा हार्डवेअर मॉनिटरिंगच्या फाइलींतून वाचता व बदलता येतील. मॉड्यूल म्हणून बांधायचं असल्यास एम निवडा. मॉड्यूलचं नाव अमुक असेल. खात्री नसल्यास नाही म्हणा.'

कोणती चिप, कुठे आढळते, हो म्हटल्याने काय मिळतं, मॉड्यूलचं नाव काय, आणि शंका असल्यास काय करायचं: वाचणाऱ्याला एवढं पुरतं. 'कुठे आढळते' हे वाक्य बहुतेक जण गाळतात, आणि निर्णय तर त्याच्याच जोरावर घेतला जातो. लॅपटॉपवर कर्नल बांधणाऱ्याला 'नेटवर्क स्विच' वाचलं की पुढचं वाचावंच लागत नाही.

मॉड्यूलचं नाव मेकफाइलमधून घ्या, केकॉन्फिगच्या चिन्हावरून अंदाजाने लिहू नका. दोन्ही वेगळी असतात. शिवाय फाइलच्या नावात जोडरेघ असली तरी चढलेल्या मॉड्यूलच्या यादीत तिच्या जागी अंडरस्कोअर दिसतो.

किंमत आकडा असेल तर 'इंट' प्रकारासोबत 'रेंज' द्या. हेल्पमध्ये 'कमाल 100' लिहून रेंज न देणं म्हणजे पाळला जाणार नाही असा नियम लिहिणं.

तपासा: 'मेक मेन्यूकॉन्फिग' उघडा, तिरक्या रेघेची कळ दाबून तुमचं चिन्ह शोधा. सापडलं? अटी बरोबर दिसतात? मग प्रश्नचिन्ह दाबून हेल्प पडद्यावर वाचा. शेवटची ओळ कापली गेली असेल तर आत सरकवण्यात चूक आहे. नंतर 'मेक ऑलमॉडकॉन्फिग' करून एकदा बांधून पाहा.

## टप्पा 5: मॉड्यूल पॅरामीटर (असलाच तर)

टप्पा 2 मधून गाळून एखादा उरला असेल, तर 'मॉड्यूल_पॅराम_डेस्क' त्याच्या लगेच खाली लिहा. हे वर्णन नसलं तरी कोड बांधला जातो, म्हणूनच ते विसरलं जातं.

एका ओळीत एकक, मूळ किंमत आणि 0 चा अर्थ बसवा. इंटेल एचडी ऑडिओच्या ड्रायव्हरमधल्या 'पॉवर_सेव्ह'चं वर्णन बघण्याजोगं आहे: आपोआप वीजबचतीची मुदत, सेकंदात, 0 म्हणजे बंद. लांबीला जेमतेम एक ओळ, पण मॉडइन्फोत (मॉड्यूलची माहिती दाखवणाऱ्या आज्ञेत) ती वाचली की कोड उघडायची गरज उरत नाही.

परवानगी ऑक्टल (अष्टमान) आकड्यांत लिहा: 0444, 0644 किंवा 0. 0 दिलं तर सिसएफएसमध्ये फाइलच दिसत नाही. एस_आयआरयूजीओसारखी नावं चेकपॅच (पॅच तपासणारी स्क्रिप्ट) हटकतं. ड्रायव्हर चालू असताना झालेला बदल हाताळायची सोय केलेली नसेल, तर 0444 हीच प्रामाणिक परवानगी.

कर्नलमध्येच बांधलेल्या ड्रायव्हरला पॅरामीटर द्यायचा तर बूटच्या ओळीत 'मॉड्यूल.पॅरामीटर=किंमत' असं लिहावं लागतं; मॉड्यूल असेल तर मॉडप्रोबच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'ऑप्शन्स'ची ओळ. तुमच्या दस्तऐवजात दोन्ही रीती द्या. एकच दिली की निम्म्या लोकांचं अडतं.

कर्नल पॅरामीटरच्या मोठ्या यादीत (अ‍ॅडमिन-गाइड फोल्डरमधली) प्रत्येक ड्रायव्हरचा प्रत्येक पॅरामीटर घालायची रीत नाही. बूटच्या वेळी तो लागण्याची खरोखर शक्यता असेल तरच घाला, आणि वर्णानुक्रमे योग्य जागी घाला. सगळ्यात खाली चिकटवू नका.

तपासा: 'मॉडइन्फो' आज्ञेला 'पी' हा पर्याय देऊन चालवा. प्रत्येक पॅरामीटरसमोर वर्णन आणि प्रकार दिसायला हवा. मग एक हद्दीबाहेरची किंमत देऊन मॉड्यूल चढवा आणि जे घडलं ते टप्पा 3 मधल्या उत्तराशी ताडून पाहा.

## टप्पा 6: सिसएफएसची नोंद

डॉक्युमेंटेशनमधल्या 'एबीआय' फोल्डरमध्ये चार उपफोल्डर आहेत: स्टेबल, टेस्टिंग, ऑब्सोलीट आणि रिमूव्हड. नवी फाइल टेस्टिंगमध्ये नोंदवायची. स्टेबलमध्ये गेलेली गोष्ट किमान दोन वर्षं टिकवण्याची हमी असते, त्यामुळे पहिल्याच पॅचमध्ये तिथे उडी मारू नका.

नोंदीचे रकाने ठरलेले आहेत:

1. व्हॉट: पूर्ण मार्ग. बदलणारा भाग, जसं उपकरणाचा क्रमांक, कोनी कंसात किंवा एक्सने दाखवा.
2. डेट: महिना आणि वर्ष.
3. कर्नलव्हर्जन: ज्या आवृत्तीत ही फाइल प्रथम येणार ती.
4. कॉन्टॅक्ट: मेलिंग लिस्टचा पत्ता दिला तर तो व्यक्तीच्या पत्त्यापेक्षा जास्त टिकतो.
5. डिस्क्रिप्शन: टप्पा 3 ची उत्तरं इथे उतरतात.

तिसऱ्या रकान्यात सर्रास चूक होते. आज तुमच्या यंत्रावर चालू असलेली आवृत्ती तिथे लिहिली जाते. पॅच मात्र उपप्रणालीच्या झाडात जाऊन पुढच्या मर्ज विंडोत (नवे बदल घेण्याच्या काळात) मुख्य झाडात शिरतो. कर्नलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते, आणि मर्ज विंडो त्यातले पहिले दोन आठवडे. सध्या आरसी (प्रकाशनाआधीची चाचणी आवृत्ती) 6 किंवा 7 चालू असेल तर तुमचा नवा ड्रायव्हर लगेचच्या विंडोतही बसेलच असं नाही. अंदाज करा, आणि पॅचची नवी आवृत्ती पाठवताना तारीख आणि आवृत्तीचा आकडा दोन्ही पुन्हा बघा. रिव्ह्यूत तीन महिने गेले आणि हे रकाने जुनेच राहिले, असं फार होतं.

डिस्क्रिप्शनमध्ये वाचताना काय मिळतं आणि लिहिताना काय चालतं हे वेगळं सांगा. एका फाइलमध्ये एकच किंमत, हा सिसएफएसचा नियम. नोंद लिहिताना 'पहिला आकडा अमुक, दुसरा तमुक' असं लिहावं लागलं, तर चूक लिखाणात नाही, कोडमध्ये आहे. मागे जा.

सावधान: हा मजकूर स्फिंक्स या साधनाने दस्तऐवजांत रूपांतरित होतो. यादी किंवा तक्त्याच्या आधी मोकळी ओळ सोडली नाही तर सगळं एका परिच्छेदात गोळा होतं.

तपासा: कर्नलच्या झाडात 'गेट_एबीआय' नावाची स्क्रिप्ट आहे. 'व्हॅलिडेट' दिलं की ती नोंदींची रचना तपासते. 'अनडिफाइन्ड' दिलं की चालू यंत्रावरच्या ज्या सिसएफएस फाइलींची नोंद नाही त्या दाखवते. दुसरी तपासणी ड्रायव्हर चढवलेल्या यंत्रावरच करा.

## टप्पा 7: डिव्हाइस ट्रीची बाइंडिंग

नव्या बाइंडिंग आता मोकळ्या मजकुरात लिहीत नाहीत, यॅमलमधल्या स्कीमात लिहितात. शेजारची चांगली फाइल समोर ठेवून सुरुवात करणं उत्तम, पण ती नुकतीच मर्ज झालेली असावी. जुन्या फाइलींतल्या चुका तशाच उचलल्या जातात.

- नावात एककाचा प्रत्यय लावा: मायक्रोव्होल्ट, मायक्रोअँप, ओम्स, हर्ट्झ, एमएस. प्रत्यय ठरलेल्यांपैकी असला की प्रकार वेगळा सांगावा लागत नाही, स्कीमाला तो माहीत असतो.
- मूळ किंमत 'डिफॉल्ट'मध्ये आणि मर्यादा 'मिनिमम', 'मॅक्सिमम'मध्ये द्या. वर्णनाच्या वाक्यात लिहिलेली मर्यादा यंत्राला तपासता येत नाही.
- वर्णनात 'ड्रायव्हर' हा शब्द आला की थांबा. 'ड्रायव्हर ही किंमत रजिस्टरमध्ये लिहितो' या वाक्याचं 'बोर्डावरच्या शंट रोधाचं मूल्य' असं रूपांतर करता येतं का? येत नसेल तर ही गोष्ट कदाचित इथली नाहीच.
- कंपनीचा उपसर्ग 'व्हेंडर-प्रिफिक्सेस' या यादीत आहे का ते बघा. नसेल तर आधी तो जोडणारा वेगळा पॅच.
- शेवटी चालणारं उदाहरण द्या. ते खरोखर कंपाइल केलं जातं.

परवाना जीपीएल-2.0 आणि बीएसडी-2 असा दुहेरी ठेवा. बाइंडिंग लिनक्सबाहेरचे प्रकल्पही वापरतात, म्हणून हा आग्रह.

तपासा: 'मेक डीटी_बाइंडिंग_चेक' चालवा. त्यासाठी डीटीस्कीमा हे पायथनचं पॅकेज आणि यॅमललिंट लागतं. 'डीटी_स्कीमा_फाइल्स'मध्ये आपल्या फाइलचं नाव दिलं की फक्त तेवढंच तपासलं जातं आणि वेळ वाचतो. एकही इशारा शिल्लक ठेवून पॅच पाठवू नका. डिव्हाइस ट्रीच्या मेलिंग लिस्टवरचे मेंटेनर ही तपासणी स्वतः चालवतात, आणि न चालवता पाठवलेलं लगेच ओळखतात.

## टप्पा 8: ड्रायव्हरचं स्वतंत्र पान

प्रत्येक उपप्रणालीत याची गरज नसते. हार्डवेअर मॉनिटरिंगमध्ये मात्र प्रत्येक ड्रायव्हरचं पान अपेक्षित असतं. कोणत्या चिप, डेटाशीट कुठे, कोणत्या फाइली, आणि त्यांत वाचायचं काय लिहायचं काय, एवढंच त्यात द्या. ठरलेली एककं पाळा: तापमान मिलिअंश सेल्सिअसमध्ये, व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये, करंट मिलिअँपमध्ये, पण वीज मायक्रोवॅटमध्ये. पंख्याचा पीडब्ल्यूएम 0 ते 255, टक्के नाहीत. तक्त्यात 45000 दिसलं की ते 45 अंश, हे वाचणाऱ्याला पानावरच कळायला हवं.

पान लिहून झालं की त्याचं नाव 'इंडेक्स' फाइलच्या यादीत जोडा. न जोडलेलं पान कुठूनच सापडत नाही आणि बांधणीत इशाराही येतो. मथळ्याखालची रेघ मथळ्याइतकी लांब हवी. पहिल्या ओळीत परवान्याची एसपीडीएक्स खूण.

तपासा: 'मेक एचटीएमएलडॉक्स' सगळं बांधायला बराच वेळ घेतं. 'स्फिंक्सडर्स'मध्ये फोल्डरचं नाव दिलं की तेवढंच बांधलं जातं. मग पान ब्राउझरमध्ये उघडून वाचा. 'मेक रेफचेकडॉक्स' नसलेल्या फाइलींचे उल्लेख शोधून देतं.

## टप्पा 9: पॅचचा क्रम आणि पाठवणं

1. बाइंडिंगचा पॅच वेगळा आणि ड्रायव्हरच्या आधी. विषयाची सुरुवात 'डीटी-बाइंडिंग्ज' या शब्दाने.
2. मग ड्रायव्हर. त्याच पॅचमध्ये केकॉन्फिग, मेकफाइल, एबीआयची नोंद आणि पान.
3. मेंटेनर्स फाइलमध्ये नव्या दस्तऐवजांचे मार्गही घाला. ते न घातल्यास पुढे कुणी त्या पानाला हात लावला तरी तुम्हाला मेल येणार नाही.

पाठवण्याआधी 'चेकपॅच' कडक पर्यायासह चालवा. हेल्प अगदी त्रोटक असली किंवा कंपॅटिबल नावाची नोंद कुठे नसली तर ते सांगतं. पण आकडे खरे आहेत का, हे ते सांगू शकत नाही; म्हणून शेवटची तपासणी माणसाने करायची. ज्याने हा ड्रायव्हर पाहिलेला नाही अशा सहकाऱ्याला फक्त लिखाण द्या, कोड देऊ नका, आणि एक काम सांगा: 'एका सेन्सरची मर्यादा 70 अंश कर.' तो जिथे अडखळून तुम्हाला विचारेल, तिथे एक वाक्य कमी आहे.

कोणाला पाठवायचं ते 'गेट_मेंटेनर' स्क्रिप्ट सांगते. बाइंडिंग असेल तर डिव्हाइस ट्रीची मेलिंग लिस्ट सुटू देऊ नका. मेल साध्या मजकुरात, 'गिट सेंड-ईमेल'ने.

## मर्ज झाल्यानंतर

पुढे कधी मूळ किंमत बदललीत, एखादी फाइल जुनी ठरवलीत, मर्यादा वाढवलीत, तर बदलाच्या आधी त्या सेटिंगचं नाव 'गिट ग्रेप'ने संपूर्ण झाडात शोधा. हेल्पमध्ये एक आकडा, पॅरामीटरच्या वर्णनात दुसरा आणि पानावर तिसरा, अशी स्थिती एकाच फाइलमध्ये दुरुस्ती केल्यामुळे होते. फाइल काढून टाकायची असेल तर तिची एबीआय नोंद आधी ऑब्सोलीटमध्ये हलवा आणि पर्यायी फाइलचं नाव तिथे लिहा.

डिव्हाइस ट्री सोडता, कोडमधला बदल आणि लिखाणातला बदल एकाच पॅचमध्ये ठेवा. तो पॅच स्थिर शाखेत मागे नेला गेला तर सुधारलेला मजकूर त्याच्याबरोबर जातो. वेगळा ठेवलेला दस्तऐवजाचा पॅच मुख्य झाडातच राहतो, आणि जुनी स्थिर आवृत्ती वापरणारा माणूस नव्या वागणुकीसोबत जुनी किंमत वाचत बसतो.